चोचीपाशी अडलेलं पाखरू

बाईंच्या घरातली सगळ्यात चांगली खोली तीन म्हाताऱ्या संगणकांनी बळकावली होती. भरपूर उजेड, दोन खिडक्या, खेळता वारा. निवृत्त झाल्यावर बाईंचे यजमान तिथे आरामखुर्ची टाकून निवांत पेपर वाचणार होते. ती खुर्ची आता जिन्याखाली आहे आणि यजमानांनी तो विषय काढणं सोडून दिलं आहे.

बाई म्हणजे तंत्रशाळेत यंत्रांची ड्रॉइंग शिकवणाऱ्या बाई. शाळेने जुने संगणक भंगारात काढायचे ठरवले, तेव्हा भंगारवाल्याच्या आधी त्या टेम्पो घेऊन दारात हजर. कारण त्या संगणकांवर पाखरू होतं. पाखरू ही एक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जागी होऊन बाकीच्यांना कामाला लावणारी. तिचं खरं नाव लांबलचक आणि रुक्ष होतं, ते आता कुणी घेत नाही. सुरू होताना काळ्या पडद्यावर ती एकेका रेषेने एक छोटं पाखरू काढायची: आधी चोच, मग डोकं, मग पंख, शेवटी शेपटी. शेपटी पुरी झाली की कामाला लागायचं. बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली. पाखरूवर चालणारी यंत्रं आता जगभरात मिळून चारशेही नसतील, पण जिथे आहेत तिथे ती इमानेइतबारे राबतात, आणि अडली की त्यांचे मालक बाईंचा ब्लॉग उघडतात.

एकवीस वर्षं बाई तो ब्लॉग लिहीत होत्या. पाखरूवर असे सातआठ ब्लॉग होते, सगळे हौशी माणसांचे, पण बाईंचा मान वेगळा. एक तर त्यांचं लिहिणं फळ्यावर लिहिल्यासारखं, एका ओळीत एकच गोष्ट. प्रत्येक लेखाखाली ठरलेले शब्द: 'स्वतः करून पाहिलं.' आणि दुसरं म्हणजे त्यांनी घालून दिलेला दंडक. लिहिलेलं चुकीचं निघालं, तर ते पुसायचं नाही. त्यावर आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. मग तिथेच लिहायचं, काय चुकलं, कुणाचं नुकसान झालं, त्यातून बाहेर कसं पडलो. ड्रॉइंगच्या वर्गातही बाईंनी खोडरबराला बंदी घातली होती. मुलं वैतागायची, पण बाई ऐकायच्या नाहीत. इतर ब्लॉगवाल्यांनीही हा दंडक उचलला आणि पाखरूवाल्यांत तो 'बाईंची रेघ' म्हणून ओळखला जाऊ लागला. बाईंना याचा अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

अशा बाईंनी एका सोमवारी सकाळी स्वतःच्या हाताने एक पान पुसावं, हे कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

झालं असं, की यंत्रांच्या संग्रहालयाने पाखरूसाठी एक कोपरा राखायचं ठरवलं. तिथे एक चालू संगणक राहणार आणि शेजारच्या पडद्यावर एक ब्लॉग, कायमचा जतन केलेला. सातआठ ब्लॉगांपैकी एकच. कुणाचा, ते ठरवायला संग्रहालयाच्या मॅडम घरोघर फिरत होत्या आणि गुरुवारी बाईंकडे येणार होत्या. हे कळल्यापासून बाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. तिन्ही संगणकांची धूळ झटकून झाली, वायरी नीट बांधून झाल्या, यजमानांसाठीही नवा शर्ट काढून ठेवण्यात आला.

ब्लॉग आवरायला सूनबाई मदतीला आली. दुकानांच्या वेबसाइटी मांडून देणं हाच तिचा धंदा. ती एकेक पान बघत गेली आणि एका पानापाशी थांबली.

"आई, हे काय हो? अर्ध्या पानावर रेघोट्या. आणि खाली तुम्हीच लिहिलंय, माझ्यामुळे एका माणसाचं नुकसान झालं म्हणून."

"ते झाडलोटीचं पान आहे," बाई म्हणाल्या, आणि दुसरीकडे बघू लागल्या.

झाडलोट म्हणजे डिस्क भरली की नको ते काढून टाकणारा पाखरूमधला प्रोग्रॅम. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी त्यावर लेख लिहिला होता आणि लिहिण्याच्या भरात एक ओळ घातली होती: 'मनाच्या समाधानासाठी लागोपाठ दोनदा केली तरी चालेल.' दोनदा त्यांनी स्वतः केली नव्हती. एक घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाची नोंद पाखरूवर ठेवायचे. त्यांनी झाडलोट दोनदा केली. पहिल्या खेपेला पाखरू डिस्कवरची अनुक्रमणिका उचलून स्वतःच्या डोक्यात धरतं, दुसऱ्या खेपेला तिच्या जागी कोरं पान ठेवून देतं, आणि मग बंद न होता आपलं आपणच नव्याने सुरू होताना चोच काढून थिजतं. घड्याळजींनी घाबरून संगणक बंद केला. डोक्यात धरलेली ताजी अनुक्रमणिका त्याबरोबर गेली. नंतर दोघांनी अकरा दिवस फोनवर खटपट करून वाट शोधली: चोचीपाशी थांबायचं आणि एकोणीस आकडे एका ठराविक क्रमाने हाताने टाइप करायचे. जुन्या नोंदी आल्या. शेवटच्या चार महिन्यांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. बाईंनी त्या ओळीवर रेघ मारली, खाली सगळं लिहिलं आणि आकड्यांचा फोटो लावला. घड्याळजी एका शब्दानेही रागावले नाहीत, हेच बाईंना सगळ्यात जास्त लागलं होतं.

"घरी पाहुणे यायचे म्हटलं की आपण पसारा आत लोटतोच ना?" सूनबाई म्हणाली. "लेख बरोबर आहे, तेवढा ठेवू. खालचं कशाला? पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, ह्यांना काही येतच नाही."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाईंना हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं. त्यांनी माउस हातात घेतला, रेघ मारलेली ओळ काढली, खालचा मजकूर काढला, फोटो काढला. पान कसं लख्ख झालं. दुपारी बारा वाजता ब्लॉगची नक्कल आपोआप दुसऱ्या डिस्कवर उतरायची, तशी ती उतरली. म्हणजे तिथलंही पान लख्ख झालं. 'नक्कल म्हणजे साठवण नव्हे, चुकाही नकलेत उतरतात' असा एक खणखणीत लेख बाईंनीच सहा वर्षांपूर्वी लिहिला होता, पण तो त्या दिवशी त्यांना आठवला नाही.

बुधवारी दुपारी निरोप आला. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यातून, तिथली मापं सांभाळणाऱ्या बाईंचा. पाय कोरणारं त्यांचं यंत्र पाखरूवर चालायचं. 'डिस्क भरली होती. तुमचं पान वाचून झाडलोट केली. नीट झाली की नाही कळेना, म्हणून परत एकदा केली. आता नुसती चोच दिसते. तुमच्या ब्लॉगवर शोधलं, चोचीबद्दल कुठेच काही नाही. बंद करू का?'

बाईंनी तडक फोन लावला.

"बंद करू नका! काही झालं तरी बंद करू नका. सगळी मापं अजून त्याच्या डोक्यात आहेत."

"नाही करत. पण उद्या एक वाजता रस्त्याच्या कामासाठी आमच्याकडची वीज जाणार आहे," पायवाल्या बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षभरातली एक्केचाळीस माणसांची मापं आहेत हो त्यात. परवा आमचे पोस्टमन येणारेत पाय घालून बघायला. तीन महिने थांबलेत ते."

"होईल," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि झाडलोटीचं पान उघडलं. ते होतं तसं राहिलं असतं तर पायवाल्या बाईंनी ती रेघ वाचली असती आणि दुसऱ्यांदा हात लावलाच नसता. हे समजायला त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

मग शोधाशोध सुरू झाली. नकलेत काही नव्हतं. इंटरनेटवरची जुनी पानं साठवणाऱ्या संग्रहात ते पान सापडलं, पण फोटोच्या जागी रिकामी चौकट. इतर ब्लॉगवाल्यांनी बाईंच्या पानाचा नुसता पत्ता दिलेला, कारण बाईंचं पान कुठे जाणार आहे? एकोणीसपैकी चार आकडे बाईंना आठवत होते, तेही खात्रीने नाही. गुरुवारी सकाळपर्यंत एकच माणूस उरला होता ज्याच्याकडे ते आकडे असण्याची शक्यता होती, आणि त्यालाच फोन करायचं बाईंना धाडस होत नव्हतं. काय सांगणार? तुमचे चार महिने मी एकदा घालवले, आणि आता त्यांची खूणही पुसली?

"मी बोलू का त्यांच्याशी?" सूनबाईने विचारलं. तिचा चेहरा कालपासून उतरला होता. "चूक माझी आहे, आई."

"तू म्हणालीस. पुसलं मी," बाई म्हणाल्या.

साडेअकराला संग्रहालयाच्या मॅडम आल्या. सडपातळ, चष्मा गळ्यात अडकवलेला, हातात वही. खोलीत पाऊल टाकताच त्यांचे डोळे चमकले. तीन संगणक, तिन्ही चालू, तिन्हींवर शेपटीपर्यंत पुरं पाखरू. अशा क्षणाची बाईंनी पंधरा दिवस वाट पाहिली होती. मॅडमना तासभर गप्पांत गुंतवावं, त्या गेल्या की मग फोन करावा, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊनही गेलं. पण भिंतीवरचं घड्याळ समोर होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला आधी एक फोन करायचाय. तुमच्यासमोरच करते. तो ऐकल्यावर माझा ब्लॉग न्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

घड्याळजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि कानाने जरा कमीच. त्यामुळे बाईंना आपली चूक ओरडून सांगावी लागली. एकदा सांगितली, ते म्हणाले, "काय?" पुन्हा सांगितली. खालच्या मजल्यावर यजमानांनीही पेपर बाजूला ठेवून ऐकली.

"पुसलंत?" घड्याळजी म्हणाले. पलीकडे दुकानातली घड्याळं टिकटिकत होती.

"पुसलं. चुकलं माझं. तुमच्याकडे ते आकडे आहेत का हो?"

"आहेत म्हणजे काय! कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय अख्खं पान. तेव्हाच छापून घेतलं होतं. थांबा, चष्मा आणतो."

सूनबाईने तोवर आपल्या फोनवर कारखाना जोडला आणि आवाज मोठा केला. घड्याळजी वाचणार, बाई मोठ्याने म्हणणार, पायवाल्या बाई टाइप करणार आणि यंत्राने 'टिंग' केलं की पुढचा आकडा. चोचीपाशी अडलेलं पाखरू टाइप केलेलं पडद्यावर दाखवत नाही, नुसतं कानाने काम. मॅडमनी वही मिटून मांडीवर ठेवली.

सात आकडे झाले, आठ झाले. घड्याळात बारा वाजून गेले. तेरावा झाला, टिंग वाजलं, आणि घड्याळजी थबकले.

"चौदावा दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"तिथे मी किल्ल्या अडकवायला हुक ठोकलाय. त्याची पट्टी नेमकी आकड्यावर आलीये. मला काय माहीत हे पुन्हा लागेल म्हणून! थांबा, स्क्रू काढतो. गंजलाय मेला."

बारा वाजून वीस मिनिटं. "एक वाजता वीज जाते असं म्हटलंय," पायवाल्या बाईंचा आवाज बारीक झाला होता, "पण हे लोक कधीकधी आधीच घालवतात हो." सूनबाई उभीच होती. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, आणि फोनमधून स्क्रू करकरत होता.

करकरतानाच घड्याळजी बोलू लागले. म्हाताऱ्या माणसांना हात कामात असले की बोलायला बरं पडतं.

"बाई, एक सांगू? ते चार महिने गेले ना, तेव्हा मला फार लागलं होतं. तुम्हाला बोललो नाही. त्यात एका मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या नोंदी होत्या, दात दात मोजून लिहिलेल्या. तसलं काम पुन्हा नाही मिळालं मला. मग तुम्ही ते पान लिहिलंत. चारचौघांत सांगितलंत, माझी चूक, ह्यांचं नुकसान. मी म्हटलं, चला, माझं गेलं ते गेलं, पण त्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल. रोज सकाळी कपाट उघडलं की बघायचो. बरं वाटायचं." स्क्रू एकदाचा सुटला. हुक खाली पडल्याचा आवाज आला. "पुसायला नको होतंत तुम्ही."

"नको होतं," बाई म्हणाल्या. मॅडम समोर आहेत याचं त्यांना भानही नव्हतं.

"असो. चौदावा, दोनशे सहा."

"दोनशे सहा!"

टिंग.

पंधरा, सोळा, सतरा. अठरावा बाईंना आठवत होता त्यातलाच निघाला. एकोणिसावा झाला, आणि टिंग वाजलंच नाही. मग सूनबाईच्या फोनमधून पायवाल्या बाईंची किंकाळीच आली.

"डोकं आलं! पंख येतायत! पंख... अहो, शेपटी! शेपटी आली!"

"मापं बघा आधी," बाई दरडावून म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशा.

"एक्केचाळीस. सगळी आहेत. पोस्टमन पण आहेत."

"दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. लगेच. आणि मग रीतसर बंद करा."

बारा वाजून सदतीस मिनिटं झाली होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. सूनबाई खुशाल रडत होती. खालून यजमानांनी ओरडून विचारलं, "आलं का पाखरू?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच "वा!" म्हणून मोकळे झाले.

मग बाईंनी खुर्ची ओढली आणि झाडलोटीचं पान उघडलं, ते लख्ख आवरलेलं. सूनबाई पुढे झाली. "आई, रेघ मी मारते. सांगा कुठे ते." बाईंनी दाखवलं, आणि तिने सोमवारच्या त्या स्वच्छ पानावर वरपासून खालपर्यंत रेघा मारल्या, खालचं नीट वाचता येईल अशा. त्याखाली बाई सांगत गेल्या, ती टाइप करत गेली. अकरा वर्षांपूर्वीची चूक पुन्हा लिहिली. मग सोमवारची: 'पाहुणे येणार म्हणून मी हे पान पुसलं. त्यामुळे एका कारखान्यातली एक्केचाळीस माणसांची मापं जाता जाता राहिली. उपाय घड्याळजींनी कपाटाच्या दारावरून वाचून दाखवला, तो असा.' मग एकोणीस आकडे, या वेळी फोटोत नाही, अक्षरात. शेवटी नेहमीचे शब्द आले, तेव्हा सूनबाई थांबली आणि तिने बाईंकडे पाहिलं.

"लिही," बाई म्हणाल्या. "स्वतः करून पाहिलं."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवून ते पान पहिल्या ओळीपासून वाचलं. दोनदा.

"मी सहा ठिकाणी जाऊन आले," त्या म्हणाल्या. "सगळीकडे लोकांनी मला काय काय येतं ते दाखवलं. चुकलेलं कुणी दाखवलं नाही. तुमच्यावरूनच नाव पडलेली ती रेघ मला कुठेच बघायला मिळाली नव्हती." मग वही उघडून त्यांनी काहीतरी लिहिलं. "ब्लॉग तुमचाच नेतेय मी. आणि आल्या माणसाला हे पान पहिलं दिसेल. चालेल ना?"

सोमवारी हाच प्रश्न कुणी विचारला असता तर बाईंना तोंड लपवायला जागा सापडली नसती. आता त्या ताठ बसल्या.

"चालेल काय," त्या म्हणाल्या, "तेच दिसलं पाहिजे."

"आणि ते कपाटाचं दार? तेही मिळालं तर..."

फोन अजून चालूच होता हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. आणि इतर वेळी काही ऐकू न येणाऱ्या घड्याळजींना हे मात्र स्वच्छ ऐकू गेलं. "दारबीर काही मिळायचं नाही!" ते ओरडले. "कपाट काय उघडं टाकू?"

सगळे हसले. हसू ओसरल्यावर घड्याळजींनी जरा चाचरत विचारलं, "बाई, पान परत लावलंत का?"

"लावलं. आत्ताच."

"माझे चार महिने?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "जिथे होते तिथेच आहेत."

"मग ठीक," घड्याळजी म्हणाले. फोन बंद करायचं ते विसरले, आणि बाईंनीही केला नाही. पलीकडे ते हुक दाराच्या दुसऱ्या बाजूला ठोकत होते, आणि दुकानातली सगळी घड्याळं पुढेमागे करत एकाचे टोले देत होती.